आधी खाडी तपासू या

१९९७च्या सप्टेंबरमध्ये केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम किनाऱ्यावर, खडकांवरचे शिंपले खाल्लेल्या पाचशेहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांतली सात दगावली. त्याआधी १९८१ साली तमिळनाडूत असंच घडलं होतं. तेव्हा ८५ जण रुग्णालयात दाखल झाले आणि तिघांचा मृत्यू झाला. १९८३ साली मंगळूरजवळ आणखी एक जीव गेला. तमिळनाडूत आणि मंगळूरला लोकांच्या पोटात गेलं ते खाडीतलं शिंपलं होतं, आपल्या तिसऱ्या-शिवल्यांच्याच गोतातलं. मंगळूर काही परमुलूख नाही. कारवार ओलांडलं की तीच किनारपट्टी, तोच पाऊस, तशाच खाड्या, आणि ओहोटी लागली की टोपल्या घेऊन खाली उतरणारी तशीच माणसं.

या तिन्ही वेळी रांधणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, विकणाऱ्यांचंही नाही, आणि पाण्यात कुणी काही ओतलंही नव्हतं. समुद्रात आपोआप वाढणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेलं विष शिंपल्यांच्या मांसात साठलं होतं. शिंपले खाणाऱ्या प्रत्येक घराला या विषाची ओळख असावी आणि आपापल्या खाडीतले शिंपले नियमाने तपासले जावेत अशी मागणी गावागावातून उठावी, यासाठी हे लिहिणं आहे.

शिंपले खाणं सोडा, असं मी सांगणार नाही. गरिबाच्या ताटात इतक्या स्वस्तात इतकं सकस अन्न दुसरं पडत नाही. तिसऱ्या-कालवांच्या वाट्यांवर किती घरांतल्या मुलांची शाळेची फी भरली जाते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगायला नको. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी गेल्या काही वर्षांत कालवांची आणि हिरव्या शिंपल्यांची शेतीही करून दाखवली आहे. हे सगळं टिकावं म्हणूनच तपासणी हवी. एका गावात एक मृत्यू झाला, तर त्याची बातमी पोचेल तिथपर्यंतच्या सगळ्या बाजारांत वाटे पडून राहतील, आणि त्यांत निर्दोष खाडीतलेही असतील.

विष शिंपल्यात येतं कसं, ते आधी पाहू. समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींसारखे जीव कायम तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. तिसरी, कालव, खुबे, गोव्याच्या शिणाण्या, या सगळ्यांचं अन्न तेच. शिंपला कवच किंचित उघडतो, पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर अन्नाचे कण अडवतो आणि पाणी बाहेर सोडतो. चांगलं वाढलेलं कालव एका तासात कित्येक लिटर पाणी असं गाळतं. प्लवकांच्या हजारो जातींपैकी फार थोड्या विषारी आहेत. पण तळातून वर येणारं थंड, पोषक पाणी, नद्यांनी आणलेली खतं आणि सांडपाणी, भरपूर ऊन, असं सगळं जुळून आलं की त्यांची संख्या काही दिवसांत बेसुमार वाढते. यालाच बहर म्हणतात. बहर ओसरला तरी त्यांतल्या काही जातींचे बीजकोश तळाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पुन्हा अनुकूल दिवस आले की उगवतात. म्हणून एकदा जिथे हे घडलं, तिथे ते पुन्हा घडू शकतं.

शिंपल्याला स्वतःला या विषाचा फारसा त्रास होत नाही. तो जगतो, वाढतो, टोपलीत ताजातवाना दिसतो. बहर गेला की बहुतेक जाती काही आठवड्यांत विष बाहेर टाकतात, पण सगळ्या नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची बटर क्लॅम नावाची शिंपली दोन वर्षांपर्यंत ते धरून ठेवू शकते. आणि मात्रा किती लहान असावी? अर्धांगवायू आणणाऱ्या विषाला सॅक्सिटॉक्सिन म्हणतात. एक किलो शिंपल्याच्या मांसात ते ०.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. म्हणजे किलोभर मांसात साधारण साखरेच्या एका दाण्याएवढं.

आता चुलीपाशी येऊ, कारण आपला सगळा भरवसा तिथे असतो. शिंपल्यांची पारख आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घट्ट मिटलेले घ्यायचे, उघडं दिसलं तर टिचकी मारून मिटतंय का पाहायचं, वास घ्यायचा, उकडल्यावर ज्याने तोंड उघडलं नाही ते टाकून द्यायचं. या खुणा खऱ्या आहेत, त्या सोडू नका. पण शिंपला जिवंत होता की मेलेला, एवढंच त्या सांगतात. विषाबद्दल त्या एक अक्षर सांगत नाहीत. विषारी तिसरीही उकळत्या पाण्यात तोंड उघडते, आणि चवीलाही ती दुसऱ्या तिसरीसारखीच गोड लागते.

रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने पोटातली वाळू निघते, विष निघत नाही. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवले तर जंतू बरेच कमी होतात, पण विषाची खात्री तरीही देता येत नाही. उकळण्याचंही तसंच. सांडपाण्यातून आलेले जंतू नीट शिजवण्याने मरतात, म्हणून कच्चे किंवा अर्धे कच्चे शिंपले खाऊच नयेत. पण सॅक्सिटॉक्सिन हे जंतू नव्हे, तो रसायनाचा रेणू आहे. घरच्या चुलीच्या आचेने तो मोडत नाही, फ्रीजमध्ये गोठवूनही मोडत नाही. उलट त्यातला काही भाग पाण्यात उतरतो. आपण तिसऱ्या उकडल्यावर सुटलेलं पाणी जपून रश्श्यात घालतो, कारण सगळी चव त्यातच असते. शिंपले दूषित असतील तर ते पाणीही दूषित, मग कुणी मांस बाजूला सारून नुसता रस्सा भातावर घेतला तरी तो सुटला असं होत नाही.

आमसुलं किंवा चिंच घातल्याने विष मरतं, असा समज कुठे असेल तर तोही सोडावा लागेल. या विषाची जुनी, मान्य चाचणी कशी करतात ते पाहा. शिंपल्याचं मांस वाटतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात. आंबट आणि उकळतं, या दोन्हींत विष टिकून राहतं म्हणून तर ते असं काढून घेता येतं. प्रयोगशाळा जे आम्लात करते, तेच आपण आमसुलाच्या पाण्यात करत असतो. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसणीचा रंग बदलतो का, मांजर खातं का, असल्या परीक्षा देशोदेशी सांगितल्या जातात. त्यांतली एकही खरी नाही.

पाण्याच्या रंगाचंही असंच आहे. बहर फार दाट झाला तर पाणी तांबडं, तपकिरी किंवा हिरवट दिसतं आणि तेव्हा शिंपले काढू नयेत, हे बरोबर. पण या विषांपैकी काहींसाठी एवढा दाटपणा लागतच नाही. लिटरभर पाण्यात काही शे पेशी असल्या तरी पोट बिघडवणारं विष शिंपल्यात जमू शकतं, आणि ते पाणी नितळच दिसतं. उलट रात्री निळसर चमकणाऱ्या ज्या लाटा पाहायला जुहूला, मुरूडला, देवगडला गर्दी होते, ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या जीवाची असते. हा जीव पाण्यातला प्राणवायू संपवून माशांचं नुकसान करू शकतो, पण सॅक्सिटॉक्सिन तयार करणाऱ्यांत त्याची गणना नाही. म्हणजे चमकलं की विष आणि नितळ असलं की निर्धोक, हे दोन्ही हिशेब चुकतात. पंचांगावरही विसंबता येत नाही. श्रावण पाळला आणि मग खाल्लं, तर विळिंजमची घटना सप्टेंबरचीच आहे.

मग राहतं एकच. कुणीतरी शिंपल्याचं मांस घेऊन त्यातलं विष मोजायला हवं, आणि ते वारंवार मोजायला हवं.

असं मोजल्याने काय साधतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडाचं आहे. १९८७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे शिंपले खाल्लेले लोक उलट्या आणि पोटदुखी घेऊन दवाखान्यांत येऊ लागले. काहींना झटके आले, काही बेशुद्ध झाले. बरे झालेल्यांपैकी काहींना नवीन काही लक्षातच राहीना. आपण सकाळी काय केलं हे संध्याकाळी आठवेना. १०७ रुग्णांची नोंद झाली. १९ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, त्यांतले १२ अतिदक्षता विभागात होते, आणि तिघे गेले. शिंपले आले होते प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटाच्या एका भागातून. कॅनडात अर्धांगवायूच्या विषासाठी उंदरांवरची चाचणी आधीपासून चालू होती. तिच्यात उंदीर मेले, पण त्यांची लक्षणं ओळखीची नव्हती. ते मागच्या पायाने सारखा खांदा खाजवत होते. तिथेच शास्त्रज्ञांना कळलं की हे काहीतरी निराळं आहे. रात्रंदिवस काम करून त्यांनी पाच दिवसांच्या आत विष ओळखलं, ते डोमोइक आम्ल निघालं. जपानात हाच पदार्थ एका समुद्री शेवाळातून अगदी थोड्या मात्रेत जंतांवरचं औषध म्हणून माहीत होता. शिंपल्यांत तो येईल, आणि तोही तोवर निरुपद्रवी मानलेल्या प्लवकांच्या एका गटातून, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या बेटाने शिंपल्यांची शेती बंद केली नाही. डोमोइक आम्लाची चाचणी नेहमीच्या तपासणीत घातली गेली, विष मर्यादेपलीकडे गेलं की तो भाग बंद आणि उतरलं की खुला, असं सुरू झालं. आजही कॅनडातले शेतीतले बहुतेक शिंपले त्याच बेटावरून येतात. आधीपासून काहीतरी तपासलं जात होतं म्हणूनच नवं संकट पाच दिवसांत सापडलं. जिथे काहीच तपासलं जात नाही, तिथे असे रुग्ण ‘काहीतरी बाधलं’ म्हणून नोंदले जातात आणि विषय तिथेच मिटतो.

ही तपासणी चालते कशी, तेही माहीत असलेलं बरं, म्हणजे मागणी नेमकी करता येते. ओहोटीला गोळा केलेली तिसरी त्याच दिवशी विकली जाते आणि संध्याकाळी खाल्ली जाते. एकेक टोपली प्रयोगशाळेत पाठवून निकालाची वाट पाहणं शक्य नाही. म्हणून टोपली न तपासता खाडी तपासतात. ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या दिवशी, हंगामात शक्यतो दर आठवड्याला, शिंपल्यांचा नमुना घेतात. शेजारच्या पाण्यातले प्लवक सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पाण्यात विषारी जात वाढताना दिसली की ती आगाऊ सूचना, आणि मांसात विष मोजलं गेलं की तो निर्णय. मर्यादा ओलांडली तर त्या खाडीतून शिंपले काढणं थांबवतात, बाजाराला आणि गावाला कळवतात, आणि लागोपाठच्या नमुन्यांत विष उतरल्याचं दिसल्यावरच पुन्हा परवानगी देतात. उंदरांऐवजी आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर रेणू मोजतात. प्राथमिक छाननीसाठी झटपट पट्ट्याही निघाल्या आहेत.

कॅलिफोर्नियात १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १०२ जण आजारी पडले आणि सहा मेले. त्यानंतर हर्मन झोमर आणि कार्ल मायर या संशोधकांनी दहा वर्षं घालवून शिंपल्यांतल्या विषाचा धागा समुद्रातल्या प्लवकापर्यंत नेऊन पोचवला. तिथे आजही दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात लोकांनी स्वतःसाठी खडकांवरचे शिंपले काढायला बंदी असते.

पण आपल्याला शिकण्यासारखं जास्त आहे ते अलास्कात. तिथे विक्रीचे शिंपले सरकार तपासतं, पण घरच्या जेवणासाठी लोक ज्या किनाऱ्यांवर गोळा करतात ते तपासत नाही. आग्नेय अलास्कातल्या आदिवासी समाजांचं जेवणच या किनाऱ्यांवर आहे. सरकारची वाट न पाहता त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी आपसांत जाळं उभं केलं आणि सिटका इथल्या आदिवासी परिषदेने स्वतःची प्रयोगशाळा काढली. गावातली माणसं आपल्या किनाऱ्यावरून नमुना घेतात, सिटकाला पाठवतात आणि निकाल सगळ्यांना कळतो. २०२०च्या जुलैमध्ये अलास्कातच उनालास्का बेटावर स्वतः गोळा केलेले शिंपले खाऊन एक मृत्यू झाला, तेव्हा या कामाची गरज पुन्हा सगळ्यांना दिसली. कालवं काढणाऱ्या आपल्या बायकांना खाडीचा तळ जितका ठाऊक असतो तितका कुठल्या अधिकाऱ्याला असणार? नमुना घेण्याचं काम त्यांच्याइतकं चोख कुणी करणार नाही. फक्त त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे.

फिलिपाईन्सची एक गोष्ट मात्र खास मराठी घरांसाठी. तिथलं मत्स्यखातं कोणत्या उपसागरातले शिंपले सध्या खाऊ नयेत, याची पत्रकं सतत काढतं. त्यात सगळ्या शिंपल्यांबरोबर आणखी एका गोष्टीवर बंदी असते, ती म्हणजे जवळा. मासे, माकूल, कोळंबी, खेकडे ताजे असतील, नीट धुतले असतील आणि कल्ले-आतडी काढून टाकली असतील तर चालतात, असं तेच पत्रक सांगतं. जवळा इतका बारीक की तो आतड्यासकट पोटात जातो, म्हणून तो बंद. आपल्याकडेही ज्या दिवशी एखाद्या खाडीबद्दल शंका येईल, त्या दिवशी तिथल्या शिंपल्यांबरोबर जवळाही बाजूला ठेवावा आणि खेकड्याच्या पेंद्यातला पिवळा-तपकिरी गर खाऊ नये. माशाच्या तुकडीची भीती बाळगू नये.

आता लक्षणं. हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

शिंपले खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत ओठांना, जिभेला, हिरड्यांना मुंग्या आल्यासारखं झालं, मग बोटांची टोकं बधिर व्हायला लागली, अंग हलकं होऊन तरंगल्यासारखं वाटलं, बोलणं अडखळलं, हातापायांतलं बळ गेलं, तर ते अपचन समजू नका. शिंपल्याची ॲलर्जी असेल तर बहुधा अंगावर गांधी उठतात, खाज येते, चेहरा सुजतो. तीही धोक्याचीच, पण ओठांचं बधिरपण ही या विषाची खूण आहे. विष नसांमधून जाणारे संदेश अडवतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. पण श्वास यंत्राने चालू ठेवला, तर शरीर हे विष बाहेर टाकतं. पहिले १२ ते २४ तास निभावले की माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणजे जीव वाचणं हे कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेवर पोचण्यावर अवलंबून आहे. तूप, ताक, नारळाचं दूध पाजत बसू नका. गिळण्याचे स्नायू सैल पडले असतील तर ते श्वासनलिकेत जाईल. १०८ला फोन करा.

डॉक्टरांना आपण होऊन सांगा की शिंपले खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि कुठून आणले होते. उरलेलं कालवण आणि कच्चे शिंपले झाकून फ्रीजमध्ये ठेवा, तो पुरावा आहे. त्याच वाट्यातले शिंपले आणखी कुणी नेले असतील तर त्यांना लगेच कळवा. आणि मुलांकडे आधी पाहा. १९८७ साली ग्वातेमालात शिंपल्यांचं सूप पिऊन १८७ जण आजारी पडले आणि २६ मेले. त्यात सहा वर्षांच्या आतली जी मुलं आजारी पडली त्यांतली निम्मी दगावली, मोठ्यांमध्ये हेच प्रमाण शंभरात सातच्या आसपास होतं. लहान अंगाला थोडंसं विष पुरतं.

दुसऱ्या प्रकारच्या विषाने नुसते जुलाब, उलट्या, पोटात कळा येतात आणि दोन-तीन दिवसांत माणूस बरा होतो. ते कुणी नोंदवत नाही, पण नोंदवायला हवं. एकाच आठवड्यात एकाच खाडीतले शिंपले खाऊन चार घरांना असं झालं, तर ती खाडी काहीतरी सांगते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना माझी विनंती आहे की जुलाबाच्या रुग्णाला ‘शिंपले खाल्ले होते का’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर नोंदवहीत लिहावं.

भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत शिंपल्यांतल्या या विषांच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २०२१पासून उपग्रहांच्या साहाय्याने प्लवकांच्या बहरांची माहिती देते, त्याचा उपयोग आहेच. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, तिसरीतलं विष दिसत नाही, आणि आभाळ भरलेलं असलं की पाणीही दिसत नाही. युरोपीय संघात शिंपले विकायचे तर ते ज्या पाण्यातून काढले ते पाणी तपासणीखालचं असावं लागतं. रत्नागिरीच्या, मालवणच्या, मडगावच्या ताटात पडणाऱ्या शिंपल्यासाठी तेवढंच मागणं जास्तीचं नाही. माणसं आणि ज्ञान दूर नाही. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यांच्यापर्यंत गावातून कुणी जायला हवं.

म्हणून करायचं ते असं. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारा की आपल्या खाडीतल्या शिंपल्यांची या विषांसाठी शेवटची तपासणी कधी झाली आणि निकाल काय आला. पंधरा ऑगस्टच्या किंवा दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर अर्ज आधी द्यावा लागतो. तो शिंपले काढणाऱ्या बायकांच्या नावाने, त्यांच्या सह्यांनी द्या. मागणी स्पष्ट लिहा: हंगामात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एकाच जागेवरून, अर्धा किलो जिवंत शिंपले बर्फात घालून, वर जागा, तारीख आणि वेळ लिहून प्रयोगशाळेत जावेत. नमुना घेणारीला त्या दिवसाची मजुरी मिळावी. निकाल मासळी बाजारात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि आरोग्य केंद्रात मराठीतून लागावा. आणि खाडी बंद ठेवावी लागली, तर त्या आठवड्यांत ज्यांची चूल त्या खाडीवर चालते त्यांना भरपाई काय मिळणार, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.